हद्दीच्या दोन्ही बाजूंना: शेजारशेजारच्या शहरांचे महापौर, आयुक्त आणि नगरसेवक यांना खुलं पत्र

सन्माननीय महापौर, आयुक्त आणि दोन्हीकडचे सर्व नगरसेवक,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम दोन्ही शहरांना मिळून एकच लिहितोय. वेगवेगळं लिहिलं तर काय उत्तर येतं ते हद्दीजवळ राहणाऱ्या कुणालाही पाठ आहे, "सदर बाब आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही." आणि वाईट हे की दोन्हीकडची उत्तरं कागदावर खरी असतात. ज्या नाल्याची तक्रार केलेली असते त्याच्या बरोबर मधून हद्द जाते. पावसाळ्याआधी एका शहराचं मशीन येतं, आपल्या बाजूचा गाळ काढतं, काठावर ढीग लावून निघून जातं, दुसऱ्या शहराचं टेंडर तेव्हा अजून मंजुरीत अडकलेलं असतं, मग पहिला जोराचा पाऊस झाला की काढलेला गाळ घसरून परत नाल्यात, न काढलेला तर होताच तिथे, आणि पाणी दोन्ही काठांवरच्या घरांत. एका शहराचं बिल निघालेलं असतं, दुसऱ्याची फाईल सुरू असते, आणि चूक नेमकी कुणाची ते विचारायला गेलं की टोलवाटोलवी.

मला यातलं मूळ दुखणं असं दिसतं की ज्याच्या निर्णयाचा त्रास मला होतो त्याला मी मत देत नाही, आणि ज्याला मी मत देतो त्याच्या हातात तो निर्णय नसतो. वरच्या शहराने उतारावर बांधकामांना परवानग्या दिल्या की खालच्या शहरात पाणी लवकर येतं आणि जास्त येतं. एकाने हद्दीला लागून कचरा डेपो टाकला की धूर आणि वास शेजाऱ्याच्या घरात. एकाने रस्ता सहा पदरी केला आणि हद्द ओलांडली की तोच रस्ता दोन पदरी, मग सगळ्या गाड्या त्या एका ठिकाणी तुंबतात आणि हॉर्न ऐकायला हद्दीवरची माणसं असतातच. यात कुणी वाईट असायची गरज नाही. तुम्हाला निवडून देणाऱ्यांचं तुम्ही आधी बघणार हे उघड आहे, मीही तुमच्या जागी तेच केलं असतं. म्हणूनच माझी मागणी "जरा समजुतीने घ्या" अशी नाहीये. समजूत आज असते आणि निवडणुकीनंतर नसते. लेखी करार करा, त्यात दोन्ही शहरांचे पैसे टाका, आणि तो राबवायला एक माणूस नेमा ज्याचा पगार दोन्ही तिजोऱ्यांतून निघतो.

तुम्ही म्हणाल समन्वय बैठका होतात की. होतात, नाकारत नाही. पण तिथे पाठवलं जातं अशा अधिकाऱ्याला ज्याला एक रुपयाचाही निर्णय घ्यायचा अधिकार नसतो, तो "वरिष्ठांना कळवतो" म्हणतो, इतिवृत्त यायला महिने लागतात, तोवर त्याची बदली झालेली असते आणि नवीन माणूस पहिल्यापासून विषय समजून घ्यायला लागतो. मध्येच एका शहरात सत्ता बदलते, मग मागच्यांनी ठरवलेलं आम्ही का पाळायचं. असं करत तेच भिजत घोंगडं वर्षानुवर्षं पडून राहतं आणि दरवर्षी त्याच नाल्याच्या नावाने दोन बजेटमध्ये दोन वेगळ्या ओळी असतात.

नुसत्या सदिच्छेने भागत नाही याचं माझ्या डोक्यातून न जाणारं उदाहरण म्हणजे बाल्टिमोरची आग. फेब्रुवारी १९०४, अमेरिकेतल्या त्या शहराच्या मध्यभागात आग लागली आणि आवाक्याबाहेर गेली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून अग्निशमन दलं निघाली, कुणीही "आमच्या हद्दीत नाही" म्हटलं नाही, बंब चक्क रेल्वेवर चढवून आणले. आणि पोचल्यावर कळलं की बाहेरून आणलेल्या बऱ्याचशा नळ्या बाल्टिमोरच्या हायड्रंटला, म्हणजे बंबांसाठी रस्त्यावर बसवलेल्या नळाला, बसतच नाहीत, आटे वेगळे, व्यास वेगळा. प्रत्येक शहराने आपापल्या सोयीने आपापल्या कारखान्याकडून माल घेतलेला, शेजारच्याचा हायड्रंट कसा आहे हे बघायची वेळ कधी आलीच नव्हती. माणसं आलेली, बंब आलेले, पाणी होतं, आणि मधला तेवढा पितळी जोड जुळेना. आग साधारण तीस तास चालली, दीड हजाराहून जास्त इमारती गेल्या. पुढच्या वर्षी नळीच्या जोडाचं राष्ट्रीय मानक ठरवलं गेलं, म्हणजे जे काम शांतपणे टेबलावर बसून आधी करता आलं असतं ते शहराचा मध्यभाग जळाल्यावर झालं. मदतीची इच्छा त्या रात्री भरपूर होती. आधी बसून ठरवलेलं काही नव्हतं.

याच्या उलट अमेरिकेतलंच फीनिक्स आणि त्याच्या आसपासची शहरं बघा. त्यांनी १९७० च्या दशकातच ठरवलं की आगीचा फोन आला की सगळ्यात जवळचा बंब निघणार, तो कुठल्या शहराचा आहे ते बघायचं नाही. त्यासाठी फोन एकाच ठिकाणी घेतात, रेडिओ एक, गाड्यांच्या नंबरांची पद्धत एक, आणि जवानांचं ट्रेनिंगही एकसारखं. हे तुम्हाला उद्या सुरू करता येईल आणि याला विरोध कोण करणार? हद्दीजवळच्या घराला आग लागली आणि समोरच्या शहराचं केंद्र चार मिनिटांवर असताना आपल्या शहराचा बंब वीस मिनिटांनी आला, हे कुठल्या नगरसेवकाला आपल्या वॉर्डात हवं असेल.

पण नद्या आणि सांडपाणी हा विषय इतका सोपा नाही, तिथे पैसा खूप लागतो आणि वर्षं खूप लागतात, म्हणून तिथे थोडं थांबून सांगतो. जर्मनीच्या रूर भागात एम्शर नावाची साधारण ८० किलोमीटरची नदी आहे. एकोणिसाव्या शतकात तिच्या काठाला कोळशाच्या खाणी आल्या, पोलादाचे कारखाने आले, डोर्टमुंड, बोखुम, एसेन, गेल्सनकिर्शेन अशी शहरं भराभर वाढली आणि सगळ्यांचं सांडपाणी त्याच नदीत. वर खाणींमुळे जमीन खचायची, नदीचा उतार बिघडायचा, पाणी पुढे जायचं नाही, घाण रस्त्यांवर आणि तळघरांत साचायची. जमिनीखालून पाईप टाकावेत तर जमीन खचली की पाईप फुटणार. प्रत्येक गाव आपापल्यापुरतं काहीतरी करायचं, म्हणजे थोडक्यात आपली घाण खालच्या गावाकडे लवकर ढकलायचं. शेवटी डिसेंबर १८९९ मध्ये शहरं, खाणवाले आणि कारखानदार एकत्र बसले आणि अख्ख्या नदीसाठी एकच संस्था काढली. १९०४ मध्ये तिच्यासाठी खास कायदा झाला. नदीच्या खोऱ्यात आहात ना, मग सदस्य आहातच, आणि जो जास्त घाण सोडतो किंवा ज्याला कामाचा जास्त फायदा होतो त्याने जास्त भरायचं. मधल्या काळात, १९०१ मध्ये, गेल्सनकिर्शेनमध्ये पिण्याच्या पाण्यातून विषमज्वराची साथ येऊन शेकडो माणसं मेलेली होती, त्यामुळे वाट बघण्याची किंमत काय असते हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

त्यांनी केलेलं सगळंच मला पटतं असं नाही. एम्शरला त्यांनी सरळ काँक्रीटचं उघडं गटार करून टाकलं आणि पिण्याच्या पाण्यासाठी शेजारची रूर नदी राखली, तिच्यासाठी १९१३ मध्ये वेगळी संस्था केली. एका नदीचा बळी दिला असंच म्हणावं लागेल. पण पुढचं बघा. खाणी उत्तरेला सरकल्या, या भागातलं जमीन खचणं थांबलं, तेव्हा त्याच संस्थेने १९९२ पासून ती नदी परत जिवंत करायला घेतली, जमिनीखाली ५१ किलोमीटरची मुख्य सांडपाणी वाहिनी बांधली, आणि २०२१ च्या शेवटी एम्शरमध्ये सांडपाणी जाणं बंद झालं. तीस वर्षं लागली, साधारण साडेपाच अब्ज युरो लागले. त्या मधल्या शंभर वर्षांत जर्मनीत बादशाही गेली, दोन महायुद्धं झाली, हिटलर येऊन गेला, शहरांचे किती महापौर बदलले असतील, संस्था मात्र राहिली कारण तिला स्वतःची वर्गणी आहे, स्वतःचे इंजिनिअर आहेत आणि बाहेर पडायची पळवाट नाही. तीस वर्षांचं काम पाच वर्षांची मुदत असलेला कुठलाही एक महापौर करू शकत नाही, कितीही चांगला असला तरी.

माणसांवर अवलंबून राहिलं की काय होतं ते ब्राझीलमध्ये दिसतं. साओ पावलो शहराला लागून सात छोटीमोठी शहरं आहेत, सगळा कारखान्यांचा पट्टा, मध्ये पाण्याचा मोठा जलाशय, कचऱ्याचा आणि पाण्याचा प्रश्न सगळ्यांचा एकच. १९९० मध्ये सातही महापौरांनी मिळून एक संयुक्त संस्था केली, सुरुवात दमदार झाली, त्यात सांतो आंद्रेचे महापौर सेल्सो डॅनिएल यांचा मोठा वाटा होता. १९९३ मध्ये महापौर बदलले आणि संस्था थंडावली. सेल्सो डॅनिएल १९९७ मध्ये परत महापौर झाले तेव्हा तिला पुन्हा धुगधुगी आली. ब्राझीलमध्ये २००५ मध्ये अशा संस्थांना कायदेशीर दर्जा देणारा कायदा झाला आणि २०१० मध्ये या सात शहरांनी आपल्या संस्थेला तो दर्जा घेतला. तरी नंतर एखादं शहर रागावून बाहेर पडलं, परत आलं, असं चालूच राहिलं. म्हणून सांगतोय की तुमची दोघांची आज मैत्री आहे यावर विसंबू नका, मैत्री असतानाच कागद करून ठेवा.

आता पैशाचं बोलू, कारण घोडं तिथेच अडतं. शेजारी शहरं एकमेकांशी मनापासून का बोलत नाहीत? कारण एक मोठा कारखाना, एक आयटी पार्क, एक मॉल यावरून त्यांची आतून स्पर्धा चालू असते. ज्याच्या हद्दीत तो आला त्याला टॅक्स मिळाला, आणि तिथे काम करणारी माणसं, त्यांची घरं, शाळा, पाणी, ट्रॅफिक हे शेजाऱ्याच्या गळ्यात. या स्पर्धेपायी सवलती दिल्या जातात, नियम वाकवले जातात, पूररेषेत परवानग्या मिळतात. अमेरिकेत मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या भागात यावर १९७१ मध्ये एक कायदा झाला, मला तो फार आवडतो. १९७१ नंतर व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांमुळे करपात्र मूल्यात जी वाढ होईल तिचा ४० टक्के हिस्सा सगळ्यांच्या सामाईक खात्यात धरायचा, आणि तो लोकसंख्या आणि ऐपत बघून वाटायचा, ज्याच्याकडे कमी त्याला जास्त. आधीपासून जे होतं त्याला हात लावला नाही, फक्त पुढच्या वाढीतला वाटा. कोर्टकचेऱ्या झाल्या, पण कायदा टिकला. मोठं दुकान शेजाऱ्याकडे गेलं तरी आपल्यालाही थोडं मिळणार हे माहीत असलं की माणूस शेजाऱ्याशी वेगळ्या आवाजात बोलतो. तुम्हाला ४० टक्के जमणार नाही, ठीक आहे, ५ टक्क्यांनी सुरू करा, पण खातं उघडा.

छोट्या शहरांना एक भीती असते आणि ती खोटी नाही. सहकार्याच्या नावाखाली मोठं शहर आपला कचरा, आपली स्मशानं, आपले ट्रक टर्मिनल आमच्याकडे ढकलणार आणि निर्णय मात्र स्वतः घेणार. मोठ्या शहराच्या महापौरांना विनंती आहे की ही भीती हसण्यावारी नेऊ नका, ती अनुभवातून आलेली आहे. न्यूयॉर्क शहराचं बरंचसं पाणी लांबच्या डोंगराळ भागातून येतं. शहराने पूर्वी धरणांसाठी तिथली गावं उठवली होती, तो राग पिढ्यानपिढ्या होता. १९९७ मध्ये करार झाला तेव्हा शहराला तिथे पैसे मोजावे लागले, लोकांच्या सेप्टिक टँक दुरुस्त करून द्यायच्या, गावांच्या सांडपाणी प्रकल्पांना मदत करायची, जमीन घ्यायची ती स्वखुशीने विकणाऱ्याकडूनच. त्याबदल्यात पाणी मुळातच स्वच्छ राहतं आणि शहराचा त्या पाण्यासाठी अवाढव्य फिल्टर प्लँट बांधायचा खर्च वाचतो. वरचा माणूस तुमच्यासाठी काही सोडत असेल तर त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, त्याला उपदेश करून नदी स्वच्छ राहणार नाही.

मतांचा प्रश्नही आधीच सोडवून ठेवावा. डॅलस आणि फोर्ट वर्थ ही टेक्सासमधली दोन शहरं विमानतळावरून वर्षानुवर्षं भांडली. १९४० च्या दशकात एकत्र विमानतळाचा बेत टर्मिनल कुठल्या बाजूला असावं यावरून फिसकटला, नंतर दोघांनी आपापला विमानतळ धरून ठेवला, शेवटी १९६४ मध्ये केंद्राच्या विमान वाहतूक मंडळाने दम दिला की दोघांनी मिळून एक जागा ठरवा नाहीतर आम्ही ठरवतो. मग सामाईक विमानतळ झाला, १९७४ मध्ये सुरू झाला, त्या विमानतळाच्या मंडळावर डॅलसचे ७ आणि फोर्ट वर्थचे ४ असे ११ सदस्य मत देतात आणि आजूबाजूच्या छोट्या शहरांपैकी एकाचा प्रतिनिधी आळीपाळीने येऊन बसतो, पण त्याला मत नाही. हे शेवटचं मला खटकतं, विमानतळाची जमीन ज्यांच्या हद्दीत येते त्यांना मत हवं. पण निदान आकडे लिहिलेले आहेत, कुणाचं किती चालणार हे दर बैठकीत नव्याने ठरवावं लागत नाही.

काही जण म्हणतात एवढी कटकट कशाला, दोन्ही शहरं विलीन करून टाका. मला ते पटत नाही. शहर मोठं झालं की हद्द फक्त पुढे सरकते, तिच्या पलीकडे नवीन शेजारी असतोच, आणि आतल्या माणसाला मात्र आपला नगरसेवक आणखी लांबचा वाटायला लागतो. उलट बाजूचं टोकही चालत नाही. लंडनची शहरभराची निवडून आलेली कौन्सिल १९८६ मध्ये बरखास्त केली, ३२ बरो (म्हणजे लंडनमधल्या स्थानिक पालिका) आणि मधली जुनी 'सिटी' आपापल्या वाटेने, तरी अग्निशमनासारख्या कामाला एकत्र मंडळ ठेवावंच लागलं आणि २००० मध्ये शहरभराचा महापौर आणि सभा नव्याने आणावी लागली. स्थानिक कारभार स्थानिक राहू द्या आणि जी दोनचार कामं हद्दीत मावत नाहीत तेवढीच एकत्र करा. बाझल हे स्वित्झर्लंडचं शहर, त्याचा विमानतळ १९४९ च्या करारानुसार फ्रान्सच्या जमिनीवर चालतो, त्याची ट्राम २०१४ पासून जर्मनीत आणि २०१७ पासून फ्रान्समधल्या सेंट-लुईपर्यंत जाते. तीन देश, तीन देशांचे कायदे, दोन भाषा, दोन चलनं, तरी जमतं. आपल्याला एकाच राज्यातल्या दोन शहरांची बस हद्दीवर थांबवून प्रवाशांना उतरवावं का लागावं?

कायदा आड येतो हे कारणही फार टिकत नाही. फ्रान्सने १८९० मध्येच गावांना एकत्र संस्था काढायची मुभा दिली. भारतात ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली, तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडलेले असावेत असं स्पष्ट लिहिलंय, पण बऱ्याच ठिकाणी ती समिती कागदावरच राहिली किंवा क्वचित भरते. म्हणजे दार उघडं असूनही आत कुणी जात नाही असं आहे, तिथे तुम्हाला नवीन कायद्याची वाट बघावी लागणार नाही.

तुमच्याकडून नेमकं काय हवंय ते सांगतो. सगळ्या प्रश्नांची मोठी यादी करू नका, तिच्या वजनाखालीच काम मरतं. एक नदी किंवा एक नाला घ्या, उगमापासून शेवटापर्यंत. आधी दोघांनी मिळून एकाच पद्धतीने मोजा, कुठल्या शहरातून किती सांडपाणी त्यात जातं, कुठे किती गाळ साचतो, किती पावसाला कुठे पाणी चढतं. आत्ता दोघांची मोजमापं वेगळी, तारखा वेगळ्या, म्हणून वाद कधी संपत नाही. मापं दोन्ही वेबसाईटवर दर महिन्याला टाका, वाईट असली तरी टाका. मग त्या मापांवरून खर्चाचं प्रमाण ठरवा आणि गाळ काढायचं टेंडर एकच काढा, दोन्ही काठांचं, एकाच तारखेला काम सुरू. धरणातून पाणी सोडलं की वरच्या शहराच्या कंट्रोल रूममधून खालच्या शहराच्या कंट्रोल रूमला थेट फोन गेला पाहिजे, रात्री दोन वाजता असला तरी, मंत्रालयातून फिरून येणाऱ्या पत्राची वाट न बघता. आणि जो अधिकारी नेमाल त्याची निदान तीन वर्षं बदली करू नका.

करारात बाहेर पडायची अटही लिहा. कुणाला सोडायचंच असेल तर दोन वर्षं आधी नोटीस, तोपर्यंतची वर्गणी भरायची, आणि का सोडतोय ते आपल्या सभागृहात सांगून मतदान घ्यायचं. नुसतं बैठकीला न येऊन संस्था मारता येऊ नये.

ठरावाचा मसुदा दोन्ही शहरांसाठी एकच ठेवा, शब्दही तेच, आणि दोन्ही सभागृहांत एकाच आठवड्यात मांडा. ज्यांचे वॉर्ड हद्दीला लागून आहेत त्या नगरसेवकांनी तो मांडावा, पक्ष कुठलाही असो, कारण त्रास त्यांच्याच दारात येतो. सभेची तारीख आधी जाहीर करा, आम्ही दोन्हीकडची माणसं दोन्ही गॅलऱ्यांत येऊन बसणार आहोत.

आपला,
हद्दीलगत राहणारा एक नागरिक